यंत्र वाजलं म्हणजे चोरी झाली का?

पुण्या-मुंबईच्या काही मोठ्या दुकानांत आपलं बिल आपणच करायची यंत्रं आलीत. आज ना उद्या ती आपल्या कान्हे-कामशेतच्या आसपासही येतील. रांग नाही, सोय आहे, मान्य. पण दारातला भोंगा वाजला की सगळं दुकान आपल्याकडे बघतं, त्यावर बोलायला हवं.

यंत्राला नेमकं कळतं काय? बारकोडमध्ये किंमत नसते, नुसता नंबर असतो. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. (890 ने सुरू होणारा नंबर म्हणजे माल भारतातच बनला, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान चुकीचं. कंपनीने नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय, एवढंच.) परदेशात बऱ्याच ठिकाणी पिशवीखाली वजनकाटा असतो. स्कॅन केलेली वस्तू आणि पिशवीत वाढलेलं वजन जुळलं नाही की यंत्र अडून बसतं. डिकॅथलॉनची तऱ्हा वेगळी. तिथं लेबलातच चिप असते, सगळं सामान एकदम खोक्यात टाकलं की बिल तयार. सोमाटणे टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, त्याच जातीचं तंत्र. पैसे न भरलेली चिप दाराजवळ आली की भोंगा.

सुट्ट्या भाजीला ना बारकोड, ना चिप. पडद्यावरचं चित्र गिऱ्हाइकानेच निवडायचं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात काहींनी महागडे ॲव्होकॅडो गाजर म्हणून तोलले! मग वर कॅमेरे आले. पण मुद्दाम गाजर दाबणारा आणि चष्मा घरी विसरून गाजर दाबणारी आजी, कॅमेऱ्याला दोघं सारखेच. ब्रिटनच्या बूथ्स या साखळीने तर 2023 मध्ये बहुतेक दुकानांतली यंत्रं काढायचं ठरवलं आणि काउंटरवर पुन्हा माणसं आणली. यंत्रं संथ आणि बेभरवशाची आहेत, असं त्यांच्याच गिऱ्हाइकांचं म्हणणं होतं.

आता कायदा बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. 1 जुलै 2024 पासून तर 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे सिद्ध झालेल्या चोराशीही कायदा एवढा समजुतीने वागतो. आणि स्कॅन करताना एक साबण राहिला म्हणून दारातला गार्ड चारचौघांत पिशवी उपसणार? गावातला दुकानदार "वहिनी, साबण राहिला बिलात" म्हणतो, विषय संपतो.

शिवाय कॅशियरचं काम आपण फुकट करायचं, वर संशयितही आपणच. बिलात त्याची सूट कुठे दिसते का? कान्ह्याहून लोकल पकडून अशा काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोरींचा पगार मात्र नक्की वाचतो.

यंत्रं आणायची तर आणा. पण निदान एक काउंटर माणसाचं ठेवा. भोंगा वाजला तर आधी बाजूला घेऊन बिल जुळवा, आवाज चढवू नका. आणि मंडळी, बाहेर पडेपर्यंत बिल हातातच ठेवा. कुणी पिशवीला हात घातला तर तिथल्या तिथे मॅनेजरला बोलवा आणि तक्रार लेखी द्या.