पानिपतावरचे एक क्रियापद

जानेवारी आला की पानिपतावरच्या लेखनात दरवर्षी नवी भर पडते. बुधवार, १४ जानेवारी १७६१ या दिवसाविषयीचे कुतूहल मराठी वाचकाच्या मनातून अजून ओसरलेले नाही. या लेखनातला बराच मजकूर आता इंग्रजीतून मराठीत येतो. संशोधनपर ग्रंथ, माहितीपटांच्या संहिता, शाळांसाठीची पूरक पुस्तके, पर्यटकांसाठीच्या पुस्तिका असे त्याचे अनेक प्रकार आहेत आणि तो मराठीत आणण्याचे काम या मासिकाचे वाचक करतात. असा मजकूर तपासताना वाक्य जिथे लंगडते, तिथे बहुतेक वेळा कठीण शब्द नसतो. तिथे असते पहिलीत शिकलेले एखादे क्रियापद. पानिपतापुरते बोलायचे तर ते क्रियापद आहे ‘फॉल’.

सोप्या क्रियापदांचा पसारा किती मोठा असतो, हे कोशकारांना पक्के ठाऊक असते. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेले होते. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकले आणि त्याचे ६४५ अर्थ भरले. जे क्रियापद जास्त वापरात, त्याला स्वतःचा ठाम अर्थ कमी. शेजारचे नाम, मागे लागलेले अव्यय आणि प्रसंग यांच्याकडून ते आपला अर्थ घेते. ‘फॉल’ही याच कुळातले.

पानिपतच्या मोहिमेची हकिकत इंग्रजीत वाचा. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर हे क्रियापद भेटते. मोहिमेचे नेतृत्व सदाशिवराव भाऊंकडे ‘फॉल’ होते, ऑगस्ट १७६०मध्ये दिल्ली ‘फॉल’ होते, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा ‘फॉल’ होतो. सूरजमल जाट आणि भाऊसाहेब यांचे ‘फॉल आउट’ होते. छावणीत धान्य ‘फॉल शॉर्ट’ होते. अफगाण स्वार रसद आणणाऱ्या तुकड्यांवर ‘फॉल अपॉन’ करतात. विश्वासराव ‘फॉल’ होतात, काही पथके ‘फॉल बॅक’ करतात आणि शेवटी रात्रही ‘फॉल’ होते. एवढ्या सगळ्या घटना इंग्रजी एका धातूवर निभावून नेते. मराठीत मात्र नेतृत्व सोपवले जाते, किल्ला सर होतो, दोन माणसांचे बिनसते, दाणागोटा संपतो, शत्रूवर तुटून पडतात, वीर कामी येतो, फौज मागे सरते आणि अंधार पडतो. यातले खरे ‘पडणे’ दोन-तीन ठिकाणीच आहे.

इथपर्यंतचे काम चांगला कोशही करून देतो. त्याच्या पुढचे काम अनुवादकाचे आहे आणि ते जास्त जोखमीचे आहे. दिल्ली आणि कुंजपुरा यांचेच पाहा. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच, पण घटना वेगळ्या आहेत. दिल्लीच्या किल्ल्यावर तोफा डागल्यानंतर आतल्या याकूब अली खानाने बोलणी केली आणि किल्ला सोडून तो निघून गेला. कुंजपुरा हल्ला करून घेतला गेला. तिथे अब्दुस्समद खान मारला गेला आणि धान्य व रोकड मराठ्यांच्या हाती लागली. म्हणून दिल्लीचा किल्ला ‘ताब्यात आला’ आणि कुंजपुरा ‘जिंकून घेतला’. दोन्हीकडे ‘पडला’ लिहिले तर व्याकरणाची चूक होत नाही, पण एका ठिकाणी झालेली बोलणी आणि दुसऱ्या ठिकाणी झालेली लढाई दोन्ही वाचकाच्या नजरेआड जातात. शिवाय किल्ला ‘पडला’ म्हटले की बोलणारा किल्ल्याच्या आत उभा राहतो. ‘घेतला’ म्हटले की तो बाहेर, घेणाऱ्यांच्या बाजूला येतो. इंग्रजी वाक्य ही बाजू मोघम ठेवू शकते. मराठी क्रियापद बाजू घेते, म्हणून ती कोणती घ्यायची हे अनुवादकाला आधी कळलेले असायला हवे.

आपल्या भाषेजवळ यासाठी फार मोलाचे साधन आहे. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, मरणे आणि मारणे अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत. धातूचे रूप थोडे बदलले की घटनेमागचा कर्ता दिसू लागतो. पानिपतच्या छावणीतल्या उपासमारीबद्दल ‘रसद तुटली’ असे आपण सहज लिहून जातो. पण ती तोडली गेली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठ्यांची छावणी व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. दुआबातून शत्रूची रसद मारण्याची कामगिरी ज्यांच्याकडे होती, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. त्यानंतर छावणीकडे येणाऱ्या वाटा एकेक करून बंद झाल्या. ‘तुटली’ या शब्दाने हे नशिबाचे भोग वाटतात, ‘तोडली’ या शब्दाने त्यामागची शत्रूची आखणी दिसते. इतिहास वाचणाऱ्याला आखणी कळली पाहिजे.

मात्र याच साधनाचा अतिरेकही होतो. मूळ लेखकाने कर्ता जाणूनबुजून मोघम ठेवला असेल, तर तो आपण भरून टाकू नये. मल्हारराव होळकरांचे रणातून निघून जाणे हे याचे सर्वांत अवघड उदाहरण. ‘फॉल बॅक’चे मराठी ‘मागे सरले’, ‘माघार घेतली’, ‘निघून गेले’ आणि ‘पळाले’ असे चार तऱ्हांनी होऊ शकते. हे चार शब्द म्हणजे चार निवाडे आहेत. बखरकारांनी त्यातला एक दिला, होळकरांच्या कैफियतीने आपल्या घरची बाजू मांडली आणि अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. इंग्रजी लेखक ‘फॉल बॅक’ म्हणून थांबला असेल तर मराठीत ‘पळाले’ लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसेच त्याने स्पष्टपणे पळण्याचे क्रियापद वापरले असेल, तर आपल्या आदरापोटी ते सौम्य करण्याचाही नाही.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जातानाही तोल तितकाच सांभाळावा लागतो. जुन्या कागदांत रणात मेलेल्या माणसाबद्दल ‘कामास आला’ असे म्हटलेले असते. धन्याच्या कामात त्याचा देह खर्ची पडला, असा त्यामागचा भाव आहे. मरण आणि चाकरी त्यात एकत्र बांधलेली आहेत. इंग्रजीत त्याचे ‘फेल’ केले की मरण राहते, चाकरी निसटते. पानिपताच्या बातमीचे ते प्रसिद्ध सांकेतिक पत्रही असेच. मराठीत रूढ झालेल्या रूपात दोन मोती ‘गळाली’ आहेत. ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासात मात्र ती ‘डिझॉल्व्ह’ झाली, म्हणजे विरघळली. गळालेले मोती सरातून निसटते आणि सर रिकामा दिसतो, तर विरघळलेल्याचा मागमूसही उरत नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब गेल्याची बातमी देणारे दोन वेगळे सूर एका क्रियापदामुळे झाले.

या विषयावर आपल्याला दोन मोठे गुरू उपलब्ध आहेत. एक त्र्यंबक शंकर शेजवलकर. पानिपतावरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९४६मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला आणि लढाईला दोनशे वर्षे झाली त्या १९६१ साली त्यांचा मराठी ‘पानिपत : १७६१’ आला. एकाच विद्वानाने एकच विषय दोन्ही भाषांत लिहिल्याची अशी संधी अभ्यासकाला क्वचित मिळते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून एखाद्या प्रकरणातली नुसती क्रियापदे वाचावीत, एवढा सराव कोणत्याही कार्यशाळेइतका उपयोगी पडेल.

दुसरे गुरू खुद्द पानिपतचे आहेत. अल्ताफ हुसेन हाली १८३७मध्ये तिथे जन्मले आणि १९१४मध्ये तिथेच वारले. उर्दू समीक्षेचा पाया घालणारे म्हणून जग त्यांना ओळखते. पण त्याआधी १८७०च्या दशकात ते लाहोरच्या सरकारी बुक डेपोत नोकरीला होते आणि इंग्रजीतून उर्दूत आणलेल्या पुस्तकांची भाषा दुरुस्त करणे हे त्यांचे काम होते. त्यांना स्वतःला इंग्रजी फारशी येत नव्हती. पुढ्यातले वाक्य उर्दू म्हणून उभे राहते की नाही, हीच त्यांची कसोटी होती. त्या कामातूनच नव्या साहित्यविचाराशी त्यांची ओळख झाली. भाषांतर तपासणाऱ्याच्या कामाला आपल्याकडे आजही किरकोळ मोबदला आणि त्याहून किरकोळ मान मिळतो. त्या कामातून काय घडू शकते, हे हालींनी दाखवून दिले आहे.

यंत्राने केलेला कच्चा अनुवाद सुधारण्याची कामे आता आपल्यातल्या अनेकांकडे येत आहेत. यंत्राचे मराठी दिवसेंदिवस नीटनेटके होत असल्यामुळे चूक ओळखणे उलट अवघड झाले आहे. ‘दिल्ली पडली’ हे वाक्य शुद्ध आहे, म्हणून नजर त्यावरून पुढे सरकते. अशा मजकुरात नामांइतकाच वेळ क्रियापदांना द्यावा, असा आमचा आग्रह आहे. एका वाचनात फक्त क्रियापदे अधोरेखित करावीत. प्रत्येकाशी थांबून काय घडले, कोणी घडवले आणि ते कोणाच्या बाजूने सांगितले जात आहे, हे स्वतःला विचारावे. उत्तर वाक्यात सापडले नाही तर नकाशा, तारखांची यादी आणि त्या विषयावरचे एखादे भरवशाचे मराठी पुस्तक उघडावे. त्यानंतर मूळ बाजूला ठेवून, हालींच्या पद्धतीने, नुसते मराठी मोठ्याने वाचावे.

प्रकाशकांनाही एक सांगायचे आहे. शब्दांच्या संख्येवर मोबदला ठरवला की एका ‘फॉल’साठी अर्धा तास पुस्तके चाळणारा अनुवादक तोट्यात जातो आणि बेधडक ‘पडले’ लिहिणारा फायद्यात राहतो. ऐतिहासिक मजकुराला संदर्भ पाहण्याचा वेळ आणि त्याचा मोबदला वेगळा धरला पाहिजे. तो धरला जात नाही तोवर चांगल्या अनुवादाची जबाबदारी एकट्या अनुवादकाच्या सचोटीवर राहणार आणि तशी ती ठेवणे अन्यायाचे आहे.

पुढच्या अंकापासून ‘क्रियापदांची वही’ हे सदर सुरू करत आहोत. आपल्या कामात अडलेले एक इंग्रजी वाक्य, त्यासाठी विचारात घेतलेली मराठी क्रियापदे आणि शेवटी जे निवडले त्यामागचे कारण एवढे लिहून पाठवा. वर्षभरात या वहीतून अशी सामग्री जमेल, जी आज एकाही कोशात एकत्र मिळत नाही. ती जमवणे आपल्या हातात आहे.