भीती नेमकी कोणाची?

२०१७च्या मार्च महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावी ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण पोलिसांनी उकरून काढले. बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला, त्याचा तपास सुरू झाला आणि त्यातून हे सगळे बाहेर आले. त्याच वर्षी जुलैमध्ये विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट प्रदर्शित झाला. सावकारांना चुकवत शहर सोडून आलेले जोडपे, आठ महिन्यांची गरोदर नेहा, चहूबाजूंनी उसाने वेढलेले घर आणि तिची देखभाल करणारी तुळसाबाई. उसात मुले लपाछपी खेळतात. ती जिवंत नाहीत, हे आपल्याला लवकर कळते; या घरात मुलींचे काय केले जात होते, ते मात्र हळूहळू उलगडते.

भयपटात सामाजिक अर्थ शोधणे म्हणजे उगाच डोके चालवणे, असे म्हणणाऱ्यांना हा चित्रपट गप्प करतो. तरीही त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला आणि तात्या विंचू घराघरात पोहोचला. त्या बाहुल्यातून समाजशास्त्र काढत बसण्याचे कारण नाही. मुलांनी घाबरावे, हसावे, उशीत तोंड खुपसावे, एवढ्यासाठीच तो आहे आणि ते काम तो चोख करतो. प्रत्येक भुताच्या गळ्यात संदेशाची पाटी अडकवली, तर भूतही जाते आणि संदेशही. भीती आधी अंगावर यावी लागते, अर्थ मागून येतो. ‘लपाछपी’ हे जाणतो. उषा नाईक यांची तुळसाबाई गर्भारशीचे लाड करते ते अगदी सासूच्या मायेने, आणि त्या मायेचीच आपल्याला धास्ती वाटू लागते.

खरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि तो जड आहे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, असे प्रकार नावानिशी दिले आहेत. ते तसे लिहावे लागले, कारण ते घडत होते आणि आजही घडतात. बाळंतपणानंतर मन थाऱ्यावर नसलेल्या बाईला डॉक्टरआधी देवऋषीकडे नेणारी घरे कमी नाहीत. अशा राज्यात पडद्यावरचे भूत खरे ठरवणारी गोष्ट, मग तिचा हेतू कितीही चांगला असो, जुन्या समजुतीला खतपाणी घालते, असे चळवळीतली माणसे म्हणतात. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली तेव्हा कोकणातून जी नाराजी उमटली, तिच्या मुळाशीही हेच होते.

हा आक्षेप मला अर्धा पटतो. दोन तासांचा चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस भूत म्हणजे काय ते जाणतो. घरात रोज रात्री येणाऱ्या मालिकेची गोष्ट निराळी. पण भूत दिसले की नाही, यापेक्षा शेवटी सुटका कोणी केली, इकडे मी अधिक लक्ष देईन. जिथे मांत्रिक येऊन सगळे निस्तरतो, तो चित्रपट अपायकारक. जिथे मंत्र, ताईत, रिंगण यांचा काही उपयोग होत नाही आणि माणसांनीच केलेले माणसांना फेडावे लागते, त्याला मी अंधश्रद्धेचा वाहक म्हणणार नाही.

आपल्याकडची बहुतेक भुते आपणच घडवलेली आहेत. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते, अळवंत होते. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला पोर मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ज्याचे काही राहून गेले, ज्याला आपण काही देणे लागतो, त्याचेच भूत होते. समाजाला स्वतःच्या अपराधाची जाणीव असते, हे या समजुतींतून उघड दिसते. पण त्या जाणिवेतून बाळंतिणीसाठी दवाखाना उभा राहिला नाही, तिच्या प्रेताला खिळे ठोकण्याचे उपाय निघाले. नवे भयपट ही बाजू उलटवतात: हडळ पीडित ठरते, तिचा संताप रास्त ठरतो, प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहतो. हे मोठे वळण आहे. तरी एक गोष्ट खुपते. यातल्या बाईला जोर येतो तो मेल्यावर. जिवंत असताना ती सोसते, पळते, गयावया करते. न्याय तिला भूत होऊनच घ्यावा लागतो. असा न्याय पाहून आपल्याला हायसे वाटते, आणि मला काळजी वाटते ती याच हायसे वाटण्याची.

‘लपाछपी’तल्या उसाकडेच पाहा. कॅमेरा त्यात शिरतो तेव्हा चार हातांपलीकडचे दिसत नाही, पाती अंगाला कापतात, आवाज कुठून येतो ते कळत नाही. घाबरवण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पण ऊस हे पैशाचे पीक आहे. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या. साखर कारखान्यांचा हा सधन पट्टा त्या यादीत तळाशी होता. २०११ साली बीड ८०७वर आला आणि सारे राज्य ९१३वरून ८९४वर घसरले. गर्भलिंग तपासणीला चाप लावणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, केंद्राचा आला १९९४ साली. म्हणजे कायदे होते, शिक्षण होते, पैसा होता, आणि त्याच पैशातून सोनोग्राफीची फी भरली जात होती. ‘लपाछपी’तला गुन्हा मात्र आडरानातल्या घरात, जुन्या वळणाच्या म्हातारीच्या हातून घडतो. मल्टिप्लेक्समध्ये बसलेल्या सुशिक्षित जोडप्याला वाटू शकते, हे आपले नव्हे, तिकडचे. म्हैसाळ तसे सांगत नाही. तिथे दवाखाना होता, डॉक्टर होता, ठरलेले दर होते.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) या कसोटीवर अधिक उतरतो, असे माझे मत आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेले, बीज नारायण धारपांच्या कथेतले, काळ १९१८ ते १९४७. विनायक विहिरीतून देवीच्या गर्भात दोरावरून उतरतो, पिठाची बाहुली पुढे टाकतो आणि भुकेला राक्षस हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या कमरेची मोहोर पळवतो. हस्तरला धान्य कधी मिळालेच नाही, म्हणून तो पिठाला भुलतो. विनायकचे पोट भरलेले आहे, तरी तो पुन्हा पुन्हा उतरतो. पुढे तो पोटच्या पोराला ही विद्या शिकवतो, एखाद्या घरच्या धंद्यासारखी. सरावाला पीठ, दोर, कंदील सगळे तयार. मला त्या विहिरीतल्या राक्षसापेक्षा बापाच्या शिकवणुकीची भीती वाटली. हा चित्रपट पाहून कोणी मांत्रिकाकडे जाणार नाही, आणि हे तिकडच्या लोकांचे आहे असेही कोणी म्हणणार नाही. वाड्याची वाटणी, लपवलेले सोने, बापाचा मुलावरचा हक्क, हे आपल्या घराघरातले आहे. २०२४च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. प्रेक्षकाला असा भयपट हवा आहे, याचा हा पुरावा समजावा.

‘लपाछपी’चे मोल यामुळे कमी होत नाही. मुलींच्या हत्येवर मराठी पडद्याने एवढ्या धीटपणे क्वचितच बोट ठेवले आहे. पुढे ‘छोरी’ म्हणून तो हिंदीत गेला, तोही याच बळावर. माझी मागणी पुढच्या दिग्दर्शकाकडे आहे. ऊस पुरे झाला. आता तो कॅमेरा तालुक्याच्या गावातल्या त्या स्वच्छ, पांढऱ्या खोलीत न्या, जिथे पडद्यावर ठोके दिसतात, डॉक्टर काही बोलत नाही, आणि बाहेर बाकावर शिकलेला नवरा वाट पाहत बसलेला असतो.