मोगली एरंड पोरांना ओळखायला शिकवा

बांधावर, शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड सर्रास दिसतो. काही जण चंद्रज्योत म्हणतात. शेळी तोंड लावत नाही, म्हणून आपणच फांद्या खोचून कुंपण केलं. 2003 नंतर बायोडिझेलचं वारं आलं, तेव्हा अजून लागवड झाली. वारं ओसरलं, झाडं राहिली.

ओळख सोपी आहे. साध्या एरंडाचं पान पंजासारखं खोल कापलेलं, कडा दातेरी, बोंड बहुतेक काटेरी. मोगलीचं पान तीन ते पाच उथळ कोनांचं, फळ गुळगुळीत, आत बहुधा तीन काळ्या बिया. पान तोडलं की चीक येतो.

बी चवीला शेंगदाण्यासारखी, पोरं फसतात ती इथंच. मग उलट्या, जुलाब, पोटात कळा. साध्या एरंडाची बीसुद्धा विषारीच.

माझं मत स्पष्ट आहे. सगळं कुंपण उपटू नका, पण शाळा-अंगणवाडीजवळचं काढाच. नुसतं "हात लावू नको" म्हणून पोरगं थांबत नाही. झाडापाशी नेऊन पान, फळ दाखवा, नाव सांगा. कुणी खाल्लंच, तर घरगुती उपाय करत बसू नका. फळ सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.