रांग दिसली पाहिजे

आमच्या मोहल्ल्यात माझ्या भाच्याचे झेरॉक्सचे दुकान आहे. प्रवेशाचे दिवस सुरू झाले की तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुणाला उत्पन्नाचा दाखला छापून हवा असतो, कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज. दुकानातला संगणक जुना आहे. नवा घेणे परवडत नव्हते, म्हणून मीच त्यावर लिनक्स बसवून दिले होते.

मागच्या पावसाळ्यात, नेमकी अर्जाची शेवटची तारीख असताना, प्रिंटर बंद पडला. कागद अडकला होता. भाच्याने तो ओढून काढला, तरी प्रिंटर हलेना. समोरच्या गिऱ्हाइकाच्या दाखल्यासाठी त्याने पुन्हा प्रिंट दाबले, परत दाबले, असे नऊ वेळा केले. मागे उभे असलेले लोक चिडले. शेवटी त्याने मला फोन केला, "मामू, मशीन गेली वाटतं."

मी म्हटले, "काळी खिडकी उघड. 'एलपीस्टॅट' लिही, जागा सोड, आडवी रेघ आणि लहान 'ओ'." समोर रांग उभी राहिली. चौदा कामे खोळंबली होती, त्यांतली नऊ एकाच दाखल्याची. मग 'ओ'च्या जागी 'पी' लिहायला लावला. उत्तर आले की प्रिंटर थांबवलेला आहे. म्हणजे मशीन गेली नव्हती. छपाईत अडथळा आला की ही यंत्रणा कधी कधी प्रिंटरला थांबवून ठेवते. कागद काढला तरी तो आपणहून सुरू होत नाही. त्याला 'कप्सएनेबल' असे सांगावे लागते. त्याआधी 'कॅन्सल' आणि कामाचा क्रमांक लिहून आठ जादा प्रती रद्द करायला लावल्या. नाहीतर एकाच दाखल्याचा गठ्ठा बाहेर पडला असता.

कुणी म्हणेल, चित्रांच्या खिडकीतही रांग दिसते, मग हे टंकत बसायचे कशाला? एक कारण साधे आहे. फोनवरून चित्र दाखवता येत नाही, शब्द सांगता येतो. या आज्ञा ज्या यंत्रणेच्या आहेत तिचे नाव कप्स. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली, १९९९ मध्ये ती लोकांच्या हाती आली आणि पुढे ॲपलनेही मॅकसाठी तीच घेतली. एकदा शिकलेले शब्द दोन्हीकडे चालतात.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. या यंत्रणेत दोन दारे वेगळी ठेवली आहेत. 'कप्सडिसेबल' म्हटले की छपाई थांबते, पण नवी कामे रांगेत घेतली जातात. 'कप्सरिजेक्ट' म्हटले की नवी कामे घेणे बंद होते, पण आधी घेतलेली छापली जातात. दोन्ही आज्ञांमध्ये कारण लिहायची सोय आहे, आणि जो विचारेल त्याला ते कारण दिसते. आपल्या खिडक्यांवर मात्र एकच उत्तर मिळते, "सर्व्हर डाऊन, उद्या या." अर्ज घेणे बंद आहे, की घेतलेला अर्ज पुढे सरकत नाही, हे कुणी सांगत नाही. ज्याची मजुरी बुडते त्याच्यासाठी हा फरक मोठा असतो.

हे दुखणे जुने आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई, आणि कुणीतरी उठून तो काढी. १९८० च्या सुमारास तिथे झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला. त्याचा मूळ प्रोग्राम मागूनही मिळाला नाही, म्हणून ती सोय करता आली नाही. लोक तासाभराने कागद घ्यायला जात आणि मशीन मधेच अडकलेली असे. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयूची घोषणा केली. त्या निर्णयामागे हाही अनुभव होता, असे ते सांगतात. वाट पाहणाऱ्याला खबर द्यावी, एवढीच ती मागणी होती.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. रांगेत सर्वांत शेवटी एक मुलगा होता आणि सायबर कॅफे बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. कामाला १ ते १०० पर्यंत प्राधान्य देता येते, न सांगितल्यास ते ५० असते. एका आज्ञेने भाचा त्या मुलाचा अर्ज पुढे आणू शकत होता, आणि कुणाला कळलेही नसते. पण त्याने पडदा गिऱ्हाइकांकडे वळवला आणि विचारले, "याची आज शेवटची तारीख आहे. पुढे घेऊ का?" मघाशी ओरडणारी माणसे पडद्यावरची रांग पाहून शांत झाली. एक चाचा म्हणाले, "घे बेटा, माझं उद्याही चालेल."

रांग मोडायला आपली माणसे नेहमीच नाराज होत नाहीत. रांग लपवून मोडली की नाराज होतात. म्हणून ज्याच्या हाती प्रिंटर आहे, त्याने हे चार-पाच शब्द शिकून घ्यावेत, आणि विचारणाऱ्याला पडदा दाखवावा. भाच्याने ते शब्द आता कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आहेत.