संगणकाचे बळ कसे जोखावे?

वाचकहो, संगणक विकत घ्यावयास आपण दुकानात गेलात की विक्रेता पहिल्याप्रथम एक आकडा आपल्यापुढे टाकतो : अमुक इतके गिगाहर्ट्झ. प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला किती ठोके पडतात, एवढेच त्यावरून कळते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात ही गती ४.७७ मेगाहर्ट्झ होती. २००४ साली इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. म्हणजे तेवीस वर्षांत सुमारे आठशे पट वाढ! पुढे मात्र उष्णता आडवी आली. तेव्हा ठोके वाढविण्याचा हव्यास आवरून कारखानदारांनी एकाच प्रोसेसरात अनेक कोअर बसविले आणि प्रत्येक ठोक्यात अधिक काम उरकण्याची सोय केली. त्यामुळे २ गिगाहर्ट्झचा आजचा प्रोसेसर त्या पेंटियमला सहज मागे टाकतो. बैलाची पावले मोजून नांगरट किती झाली हे का कळते?

म्हणून जाणकार लोक ठराविक काम देऊन त्यास लागणारा वेळ मोजतात. अशा कसोट्या ठरविण्यासाठी १९८८ साली ‘स्पेक’ ही संस्था निघाली. एका यंत्राचे बळ यावरून बरेचसे कळते. परंतु सर्वसामान्य घरातील संगणक किती बळाचा, हा प्रश्न निराळा आणि अधिक अवघड आहे.

विक्रीचे आकडे पाहावेत, तर ते नव्या यंत्रांचे. घराघरांत दहा-दहा वर्षे चालणारी यंत्रे त्यांत येत नाहीत. ‘स्टीम’ या खेळांच्या विक्रीकेंद्रातर्फे दरमहा पाहणी होते, पण तीत खेळाची हौस असणारेच आणि तेही स्वखुशीने भाग घेतात. कसोटी लावून गुण नोंदविणाराही बहुधा हौशीच. तालमीत जमलेल्या मल्लांना तोलून गावाचे सरासरी वजन काढावे, तसाच हा प्रकार!

शिवाय सरासरी स्वतःही फसवी असते. नऊ यंत्रांना प्रत्येकी १,००० गुण आणि दहाव्याला ११,००० गुण मिळाले, तर सरासरी २,००० येते; आणि त्या दहांत २,००० गुणांचे यंत्र एकही नसते. येथे सर्व यंत्रे गुणानुक्रमे मांडून मधले पाहणे बरे.

हा विचार निव्वळ पंडिती नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबले. विंडोज ११ साठी प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा व दोन कोअरचा असला तरी पुरतो. मात्र तो मान्य यादीत असावा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्थाही लागते. इंटेलच्या बाबतीत ही यादी मुख्यतः २०१७ नंतरच्या प्रोसेसरांची आहे. तेव्हा कित्येक धडधाकट यंत्रे बळ कमी पडले म्हणून नव्हे, तर यादीत नाव नाही म्हणून बाद ठरली. गृहखर्चाच्या दृष्टीने हा भेद लहान नाही.

आपला संगणक मंद वाटत असेल, तर नेहमीचे काम चालू असताना ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहावे. प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा असून डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकली असेल, तर दोष प्रोसेसरचा नव्हे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविल्यास तेच यंत्र पुष्कळदा पुन्हा चपळ होते, आणि खर्चही नव्या संगणकाच्या मानाने थोडकाच येतो.