मोर्णेकाठी एक साधी वाट हवी

‘डॉक्टरसाहेब, चालाले सांगता, पण चालू कुठी?’

मधुमेहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ‘रोज अर्धा तास चाला’ म्हटले, की अकोल्यात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या बहुधा बायका असतात. पूर्वी मला तो चालणे टाळण्याचा बहाणा वाटायचा. आता वाटत नाही. फुटपाथ असला तर त्यावर दुकान आलेले, कडेला दुचाक्या लावलेल्या, पहाटे कुत्री आणि सात वाजल्यापासून ट्रक. गुडघे धरलेली साठीची आजी, सून आणि नुकतीच सायकल शिकलेला नातू असे तिघे एकत्र निघतील अशी जागा शहरात कुठे आहे, हे मलाही चटकन सांगता येत नाही.

आणि शहराच्या मधोमध नदी वाहते. पातूरच्या डोंगराकडून येणारी मोर्णा जुने शहर आणि नवे शहर यांच्या मधून, असदगडाला लागून जाते आणि पुढे पूर्णेला मिळते. मैदानी नदीचा उतार मुळातच हलका असतो. काठाकाठाने जाणाऱ्या वाटेला चढ लागत नाही. गुडघ्यांना, बाळाच्या गाडीला, व्हीलचेअरला आणि लहान चाकांच्या सायकलीला नेमके हेच हवे असते. शिवाय अशा वाटेला चौक आणि सिग्नल आडवे येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे सांगते. २०२२ सालच्या आकड्यांवर आधारित ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची तेवढी हालचाल होत नाही, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. या फरकाचे खापर बायकांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. घरच्या कामात दिवसभर उभी असणारी बाई आळशी नसते. तिला बिनधोक जागा आणि सोबत नसते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला वाहणाऱ्या या शहराला चालणे शिकवायची गरज नाही.

मग अडते कुठे? आधी पाण्यात. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा साफ करायला उतरले. पंतप्रधानांनी त्याच महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. ते दिवस पाहिलेल्या कुणालाही अभिमान वाटावा. पण जलपर्णी हाताने काढून संपत नाही. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खत. पोषक पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्याच साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात आणि प्राणवायू संपला की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. अशा काठावर रुग्णाला फिरायला पाठवणारा डॉक्टर वेडाच म्हणायचा. म्हणून नाल्यांचे पाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे हे वाटेचे पहिले काम आहे, फरशी बसवणे नव्हे.

फरशीचे मात्र भय वाटते. नदीकाठाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच सिमेंटच्या भिंती, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंट डोळ्यांपुढे येतात. वऱ्हाडाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर तयारीशिवाय टाकलेले काँक्रीट तडकते. तडकलेल्या फरशीवर म्हातारी माणसे अडखळतात, आणि त्या वयातले खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा. वरची काळी माती काढून दाबलेला मुरूम घातलेली तीन मीटर रुंद वाट पुरे. पुरात ती चार दिवस बुडेल, थोडी वाहूनही जाईल. रोलर फिरवून पुन्हा नीट करता येईल. पूररेषेत भिंत बांधली तर तेच पाणी पलीकडच्या वस्तीत शिरते.

खरा खर्च सावलीवर व्हावा. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी ओकते. झाड सावली देते आणि पानांतून पाणी बाष्परूपाने सोडून भोवतालची हवाही निववते. करंज, जांभूळ, उंबर ही काठाचीच झाडे आहेत. ती मोठी व्हायला काही वर्षे लागतात, म्हणून ती वाटेच्या आधी लावायला हवीत. उद्घाटनाच्या फोटोत रोपे दिसत नाहीत, ही अडचण आहे खरी.

अमरावतीकरांना निदान वडाळी आणि छत्री तलावाचा परिसर आहे. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालवणाऱ्या त्या शहराला व्यायामाचे महत्त्व काय सांगावे! अकोल्याने सुरुवातीला एकच किलोमीटर करावा. जाऊन-येऊन दोन होतात, म्हणजे सावकाश चालणाऱ्याचा अर्धा तास.

तो प्रश्न विचारणाऱ्या एका बाईंना मी सध्या गच्चीवर चालायला सांगितले आहे. गच्ची २५ फूट लांब आहे. दर दहा-बारा पावलांनी वळावे लागते, आणि वळतानाच गुडघा दुखतो, असे त्या म्हणतात.