वार्ताहराचे ओळखपत्र आणि त्याची वायर

उत्सवाच्या दिवशी वृत्तपत्राचा वा दूरचित्रवाणीचा माणूस देवळाच्या दारी आला, की आपण त्याचे ओळखपत्र पाहतो, पादत्राणे काढावयास सांगतो, गाभाऱ्याचे छायाचित्र घेऊ नये अशी ताकीदही देतो. परंतु त्याच्या पिशवीतून निघणारा दिवा, चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमचा आक्षेप या उपेक्षेवर आहे.

कोणी म्हणेल, हल्ली सारे बॅटरीवर चालते. मग भय कसले? हे अर्धसत्य होय. बॅटरी भरावयास चार्जर लागतो आणि चार्जरला भिंतीतली वीज लागते. घरातला पंखा जागचा हलत नाही. वार्ताहराचे उपकरण मात्र रोज नव्या गावी जाते, पिशवीत कोंबले जाते, दारात चेंगरते, पायाखाली तुडवले जाते. त्याची वायर प्लगाच्या तोंडाशी चिरली तर नवल ते काय?

आणि ही वायर पसरते कोठे? धुतलेल्या फरशीवर, अभिषेकाच्या पाण्याच्या वाटेवर, ओलेत्याने व अनवाणी चालणाऱ्या भाविकांच्या पायांत! ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टचा दाब त्यातून २३० मिलिअँपियर प्रवाह ढकलतो. सुमारे ३० मिलिअँपियरच्या वरचा प्रवाह काही काळ टिकला, तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. अशा जागी तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरात बसवणारे महाभाग आढळतात, तेव्हा आम्हांस त्यांच्या धाडसाचे कौतुक वाटत नाही. ती तिसरी, लांब व जाड पिन शोभेसाठी नसते. उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर तिला माणसाऐवजी जमिनीची वाट दाखवणे हे तिचे काम.

याच्या उलट टोकाचा दोष ब्रिटनमध्ये दिसतो. तेथे अशा सुवाह्य उपकरणांची चाचणी करून प्लगावर हिरवी चिठ्ठी लावण्याची रीत आहे, आणि कित्येक सभागृहांचे चालक ती चिठ्ठी पाहिल्यावाचून बाहेरच्या माणसाला आपल्या विजेस हात लावू देत नाहीत. वस्तुतः १९८९ च्या तेथील नियमावलीने उपकरण धोका न होईल अशा स्थितीत राखावे, एवढेच बंधन घातले आहे. दरवर्षी चाचणी करावी वा चिठ्ठी चिकटवावी असे तीत कोठेही नाही. बहुतेक दोष नुसत्या डोळ्यांनी दिसतात, असे तेथील सरकारी सुरक्षा खातेच सांगते. चिठ्ठी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी वायर चिरली, तर ती चिठ्ठी ताईताहून अधिक काय करणार?

म्हणून आम्ही कागद मागत नाही, तपासणी मागतो. प्रथम डोळ्यांनी: वायर चिरलेली, चिकटपट्टीने बांधलेली वा प्लगातून सुटलेली नाही ना? मग जाणत्या तंत्रज्ञाकडून यंत्राने: अर्थिंग अखंड आहे का? ५०० व्होल्टच्या दाबाखाली वायरीचे आवरण निदान १ मेगओहम रोध दाखवते का? चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणास अर्थिंग नसते. त्याचे आवरण २ मेगओहमला उतरले पाहिजे.

हे ओझे एकट्या वार्ताहराच्या माथी मारणे अन्याय्य होय. स्वतःच्या पैशाने साहित्य घेऊन फिरणाऱ्या मुक्त वार्ताहराचे छायाचित्र जे मालक विकत घेतात, त्यांनी त्या साहित्याच्या तपासणीचा खर्चही सोसावा. देवस्थान समित्यांनी आणि उत्सवमंडळांनी वार्ताहरांसाठी एक कोरडी, अर्थिंग केलेली जागा राखावी. तेथे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून उत्सवापूर्वी त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. प्रदक्षिणेच्या मार्गावर वायर टाकू देऊ नये. रिळाची वायर पुरती उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर तापते.

वृत्तस्वातंत्र्य संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिले आहे. त्याचे आम्ही कैवारी आहोत. पण उघड्या तारेला ते संरक्षण नाही. माणूस दगावला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ वायर कोणाची एवढेच विचारून थांबणार नाही. निष्काळजी कोण, हे विचारील. त्या वेळी समितीपाशी उत्तर नसेल, तर ओळखपत्रांची वही दाखवून सुटका होणार नाही.